करमणूक केंद्रात एस्केप रूम: रविवारच्या सातव्या तुकडीचा विचार

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: जिल्ह्याच्या शहरातील एका मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर तुमचे बोलिंग आणि लहान मुलांच्या खेळांचे केंद्र आहे, शेजारचा अठराशे चौरस फुटांचा गाळा मोकळा झाला आहे आणि तेथे दोन एस्केप रूम, म्हणजे एका तुकडीने ठरलेल्या वेळात कोडी सोडवून बाहेर पडण्याच्या खेळाच्या खोल्या, उभारण्याचा तुमचा विचार आहे. परदेशातून तयार संच मागवावा की स्थानिक सुतार, वायरमन आणि एखादा इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार हाताशी धरून खोल्या घडवून घ्याव्यात, विषय कोणता निवडावा आणि पैसा कोठे घालावा, हे तुम्ही विचारले आहे. अशा खोल्या आखणे, बांधणे आणि पुढे त्यांची डागडुजी करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो.

बहुतेक जण रचनेचा आरंभ कथेपासून किंवा कोड्यांपासून करतात. करमणूक केंद्रासाठी खोली आखताना मी आरंभ रीसेटपासून करतो. एक तुकडी बाहेर पडल्यावर, पुढची आत येण्यापूर्वी, प्रत्येक वस्तू मूळ जागी, प्रत्येक कुलूप बंद आणि प्रत्येक दिवा मूळ स्थितीत आणणे याला आम्ही रीसेट म्हणतो. साठ मिनिटांचा खेळ, त्याआधी सूचना देण्यासाठी आणि सामान ठेवून घेण्यासाठी पंधरा मिनिटे, नंतर फोटो व रीसेट यांसाठी पंधरा मिनिटे, अशी दीड तासाची एक फेरी होते. सकाळी ११ ते रात्री ९.३० केंद्र चालू असेल, तर एका खोलीत दिवसाला जास्तीत जास्त सात तुकड्या बसतात. रविवारी सातवी तुकडी आत शिरते तेव्हा प्रत्येक खणाला, कडीला आणि तारेला तीसेक माणसांचे हात लागून गेलेले असतात, रीसेट करणारा मुलगा सकाळपासून उभा असतो आणि बाहेर बोलिंगच्या काउंटरवर गर्दी असल्यामुळे त्याला दोनदा तिकडे बोलावून नेलेले असते. त्या सातव्या तुकडीनेही पहिल्या तुकडीइतकेच पैसे मोजलेले असतात. तिला एक खण आधीच उघडा सापडला, किंवा एक किल्ली चुकून दुसऱ्या पेटीत राहिली, तर कथा कितीही सुंदर असली तरी खेळ तेथेच संपतो.

म्हणून कोडे कागदावर असतानाच विचारावे की ते परत लावायला किती सेकंद लागतील, आणि चुकीचे लावले गेले तर ते दिसेल का. खणाच्या तळाशी त्या वस्तूची आकृती रंगवलेली असली की वस्तू नसल्यास रिकामी आकृती लगेच नजरेत भरते. प्रत्येक कुलूपबंद दाराला आणि खणाला एक छोटा स्विच बसवून नियंत्रण कक्षात दिव्यांची एक पट्टी लावावी. सगळे दिवे हिरवे झाल्याशिवाय तुकडी आत सोडायची नाही, एवढा एकच नियम नवख्या मुलालाही पाळता येतो. हलवता येणाऱ्या वस्तू मी शक्यतो पंचवीसच्या आत ठेवतो. वाळूत पुरलेली किल्ली, सुटी दोऱ्याची गुंतवळ, शंभर तुकड्यांचे जोडचित्र या गोष्टी आराखड्यात फार आकर्षक वाटतात. त्यांना मी सरळ काट मारतो.

आता तुमच्या गिऱ्हाइकाकडे पाहू. केवळ एस्केप रूमसाठी चालवलेल्या जागेत माणसे आधी नोंदणी करून, तयारीने येतात. मॉलमधल्या केंद्रात येणारे कुटुंब मुळात मुलांना खेळवायला किंवा जेवणाआधीचा वेळ घालवायला आलेले असते. त्यात आजी असते, चार वर्षांचे मूल असते, आणि साठ मिनिटे एका खोलीत घालवण्याची सगळ्यांची तयारी नसते. साठ मिनिटे हा काही ब्रह्मलिखित आकडा नव्हे. दोन खोल्यांपैकी एक साठ मिनिटांची, नोंदणी करून येणाऱ्या मित्रमंडळींसाठी आणि कंपन्यांच्या गटांसाठी ठेवावी. दुसरी पंचवीस मिनिटांची, थेट काउंटरवर येणाऱ्यांसाठी. सूचना पाच मिनिटे आणि रीसेट दहा मिनिटे धरली, तर चाळीस मिनिटांची फेरी होते आणि त्याच वेळेत पंधरा तुकड्या बसतात. छोट्या खोलीला कुलुपेही कमी आणि बिघाडही कमी. माझ्या मते तुमच्यासारख्या ठिकाणी छोटी खोलीच मोठीचा खर्च भागवते, पण मालकांचा जीव मोठ्या खोलीवर असतो.

आणखी एक गोष्ट या धंद्यात बोलिंगपेक्षा अगदी वेगळी आहे. बोलिंग तेच कुटुंब दर महिन्याला खेळू शकते. एस्केप रूम एकदा सुटली की त्या तुकडीसाठी ती संपली. मुंबई-पुण्यात नवी माणसे येत राहतात. जिल्ह्याच्या शहरात मात्र इच्छुकांची संख्या लवकर आटते. त्यामुळे खोलीचा सांगाडा आणि तिचा वेश वेगळे ठेवावेत. भिंती, दारे, तारांचे मार्ग, एसी, कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष कायमचे. भिंतींवरची पॅनेले, फर्निचर आणि कोडी स्क्रूने काढता येतील अशी. दीड-दोन वर्षांनी वेश बदलताना सांगाड्याला हात लावावा लागला नाही, तरच हिशेब जमतो.

येथे थोडे विषयांतर करतो. २००७ मध्ये जपानमधील क्योटो येथे ताकाओ काटो यांच्या ‘स्क्रॅप’ या संस्थेने हा खेळ सुरू केला, तेव्हा तो कायम बांधलेल्या खोलीत नव्हता. सभागृहात जमलेल्या मोठ्या गटाला कागदी कोडी देऊन तो खेळवला जाई. बुडापेस्टमध्ये २०११ साली ‘पॅरापार्क’ सुरू झाले आणि तेथून छोट्या गटाने हाताने शोधायच्या खोल्यांची पद्धत युरोपभर पसरली. आपल्याकडे आली ती ही दुसरी पद्धत. पहिलीचा विसरच पडला. तुमच्याकडे वाढदिवसांचा हॉल आहे. कंपनीचे पन्नास जण एकदम आले तर दोन खोल्यांत त्यांची वाट लागेल. त्यांच्यासाठी हॉलमध्ये टेबलांवर खेळायचा, पाकिटे आणि पेट्या यांवर चालणारा एक खेळ तयार ठेवावा. त्याला बांधकाम लागत नाही आणि रीसेट म्हणजे पाकिटे भरणे एवढेच.

विषयाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: भुताचा वाडा करू नका. तो सर्वत्र आहे, त्यासाठी अंधार लागतो, अंधारात पडझड होते आणि लहान मुले असलेले निम्मे गिऱ्हाईक दारातूनच परत फिरते. ज्या जागेत वस्तूंचा अर्थ न सांगता कळतो आणि जेथे वेळ संपण्याला कथेतच कारण आहे, असा विषय शोधावा. एसटीचे नियंत्रण कार्यालय, जुने पोस्ट, वैद्यांचे औषधालय, छापखाना अशा जागांत कप्पे, शिक्के, चिठ्ठ्या, घड्याळे आपसूकच असतात. परदेशी चित्रपटातले पात्र किंवा मालिकेचे नाव घेण्याचा मोह टाळावा. परवान्याशिवाय ते वापरणे म्हणजे मॉलच्या व्यवस्थापनाला येणाऱ्या नोटिशीला आमंत्रण आहे.

छापखान्याचे उदाहरण जवळून पाहू, म्हणजे कोडे कसे घडते ते कळेल. काळ १९४२ चा ऑगस्ट. एका पेठेतल्या छापखान्यात भूमिगत पत्रके छापली जातात; धाड तासाभरात पडणार आहे आणि त्याआधी शेवटचे पत्रक कोणत्या गावी पाठवायचे ते शोधून ते लपवायचे आहे. तासाची मुदत अशी कथेतच येते. भिंतीवरच्या टाइमरला कोणी सबब विचारत नाही. गावाचे नाव वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवरून ‘कराड’ असे निघते आणि ते लाकडी खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या अक्षरांच्या ठोकळ्यांनी, जुळवायचे असते. खिळ्यावरचे अक्षर उलटे कोरलेले असते. खेळणारे ‘क’, ‘रा’, ‘ड’ असे डावीकडून उजवीकडे लावतात आणि काहीच घडत नाही. जुळणीच्या तक्त्यासमोर एक आरसा आहे. त्यात पाहिले की ‘डराक’ असे दिसते आणि कागदावर काय उमटेल ते कोणीतरी ओरडून सांगते. मग तुकडी खिळे उजवीकडून डावीकडे लावते. चूक दाखवण्याचे काम वस्तूनेच केले, बाहेरून सूचना द्यावी लागली नाही, आणि छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी रोज जशी उलटी अक्षरे वाचत असे तशीच ती खेळणाऱ्याने वाचली. कोड्याची ही माझी कसोटी आहे: ते त्या जागेत खरोखर घडणाऱ्या कामातून निघाले पाहिजे. छापखान्यातल्या भिंतीवर विनाकारण सुडोकू टांगलेला पाहिला की मला त्या आखणाऱ्याची कीव येते.

हे खिळे भंगारातून आणू नयेत. धातूच्या जुन्या खिळ्यांत शिसे असते आणि तुमच्याकडे येणारी मुले हात तसेच तोंडात घालतात. पाच सेंटिमीटर रुंदीचे, जाहिरातीच्या मोठ्या टायपासारखे, सागवानी किंवा बीच लाकडाचे खिळे करून घ्यावेत. आरसा काचेचा नको, अॅक्रिलिकचा असावा. खरी शाईही नको. तीस जणांच्या कपड्यांची धुलाई तुमच्या अंगावर येईल.

आतली विद्युतरचना शक्य तितकी बाळबोध ठेवावी. तीन बरोबर खिळ्यांच्या तळाशी वेगवेगळ्या उंचीवर एकेक चुंबक, बाकीच्यांना चुंबकच नाही. तक्त्याखाली तीन घरांत, ज्याच्या त्याच्या उंचीवर, चुंबक जवळ येताच जुळणारे तीन रीड स्विच. हे तिन्ही एकाच तारेत एकापाठोपाठ जोडले की तिन्ही खिळे आपापल्या जागी बसल्यावरच प्रवाह वाहतो, रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) चालतो, खणाचे चुंबकी कुलूप सुटते आणि स्प्रिंगने खण पुढे येतो. यात संगणक नाही, प्रोग्रॅम नाही. कुलपाचा प्रवाह थेट रीड स्विचमधून मात्र नेऊ नये, कारण त्याचे नाजूक संपर्क ठिणगीने चिकटतात. मध्ये रिले हवाच, आणि कुलपाच्या कॉइलवर, प्रवाह तुटताना उसळणारी वीज जिरवायला, उलटा डायोडही हवा. हेच काम आरएफआयडी वाचकांनीही (वस्तूत बसवलेली चिप रेडिओलहरींनी ओळखणाऱ्या उपकरणांनी) होते, पण स्वस्त वाचकांची पोच जेमतेम काही सेंटिमीटर असते, धातूच्या पत्र्यामागे ते आंधळे होतात आणि शेजारी शेजारी बसवले तर एकमेकांच्या कामात लुडबूड करतात. जेथे दहा वेगवेगळ्या वस्तू ओळखायच्या आहेत तेथे ते वापरावेत. तीन अक्षरांसाठी नव्हे. रविवारी रात्री आठ वाजता बिघाड झाला तर तुमचा बोलिंगचा वायरमन मीटर लावून रीड स्विच तपासू शकतो, प्रोग्रॅम तपासू शकत नाही. आर्डुइनो किंवा ईएसपी३२ असे प्रोग्रॅमवर चालणारे छोटे बोर्ड वापरायचेच असेल तर वायफायवर विसंबू नये. मॉलमध्ये शनिवारी-रविवारी हवेत शेकडो फोन असतात. तार ओढावी.

कोड्यांच्या क्रमाकडे येऊ. सहा जणांच्या तुकडीला एकामागून एक सुटणारी कोडी दिली, तर दोघे खेळतात आणि चौघे भिंतीला टेकून फोन शोधतात, जो तुम्ही बाहेर ठेवून घेतलेला असतो. सुरुवातीला तीन-चार कोडी एकाच वेळी खुली असावीत, प्रत्येकातून एक तुकडा मिळावा आणि ते तुकडे शेवटच्या कोड्यात एकत्र यावेत. पहिले यश पाच मिनिटांच्या आत मिळाले पाहिजे, नाहीतर कुटुंबातली मुले कंटाळतात. नंबरच्या कुलपांचा अतिरेक टाळावा. चार आकड्यांच्या कुलपाच्या दहा हजार जुळण्या असतात हे खरे, परंतु तीन आकडे सापडले की चौथ्यासाठी केवळ दहा प्रयत्न लागतात आणि कोणतीही चलाख तुकडी ते करते. ते चालेल, पण एकाच खोलीत चार आकड्यांची तीन कुलुपे असतील तर सापडलेला प्रत्येक आकडा तिन्ही कुलुपांवर चालवून पाहिला जातो आणि कोड्याचा धागा तुटतो. कुलुपे एकमेकांपासून वेगळी ओळखता आली पाहिजेत: एक आकड्यांचे, एक अक्षरांचे, एक किल्लीचे, एक दिशांचे.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. एकाच तुकडीत मराठी माध्यमात शिकलेले वडील, इंग्रजी माध्यमातली मुले आणि त्यांचा हिंदी बोलणारा मित्र असतो. देवनागरी अंक मुलांना पटकन वाचता येत नाहीत, आणि मोडी लिपी तर बहुतेक कोणालाच नाही. मोडी वापरू नये असे मी म्हणत नाही. उलट ती फार देखणी दिसते, परंतु तिची अक्षरे ओळखण्याचा तक्ता खोलीतच सापडला पाहिजे. बाहेरचे ज्ञान लागेल असे कोडे ठेवू नये. लांब मजकूर एका पानाच्या वर नसावा, आणि तीन भाषांतली पाने रीसेटच्या वेळी बदलता यावीत. म्हणूनच छापखान्याच्या कोड्यात मी तीनच अक्षरे ठेवली.

आता सुरक्षेविषयी, आणि येथे मी घासाघीस करीत नाही. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन या शहरात एका एस्केप रूममध्ये वाढदिवस साजरा करायला आलेल्या पाच मुली मृत्युमुखी पडल्या. प्रत्येकीचे वय पंधरा होते. आग खोलीत लागली नव्हती. प्रतीक्षागृहातल्या गॅसच्या हीटरपासून ती लागली, बाहेरचा कर्मचारी भाजला, तो दारापर्यंत पोहोचू शकला नाही, आणि मुलींना आतून बाहेर पडता आले नाही. कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा बळी घेतला. त्यानंतर पोलंडभर अशा जागांची तपासणी झाली आणि अनेक बंद करण्यात आल्या. आपल्याकडे २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेमझोनमध्ये, वेल्डिंगचे काम चालू असताना लागलेल्या आगीत, पंचवीसहून अधिक माणसे गेली. त्या गेमझोनकडे अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र नव्हते.

कोशालिनमधून आराखड्यासाठी दोन गोष्टी निघतात. सुटका कर्मचाऱ्याच्या हातात असता कामा नये, आणि बाहेरचा एकमेव मार्ग प्रतीक्षागृहातून जाता कामा नये. मी ज्या दाराने तुकडी आत येते त्याला कुलूपच बसवत नाही. ते बंद दिसते, पण आतून साधी मूठ फिरवली की उघडते, बाहेरच्या दिशेने उघडते, आणि हे सूचना देताना प्रत्येकाला हाताने उघडून दाखवले जाते. खेळाचा शेवट म्हणून दुसरे दार, पेटी किंवा कपाट उघडावे. कोणीही खरोखर कोंडलेले नसताना खेळाचा रंग कमी होत नाही. खोल्यांच्या मागून एक सेवामार्ग काढून तो मॉलच्या दुसऱ्या जिन्याकडे न्यावा. तुमच्या गाळ्यात हे बसत नसेल, तर एक खोली कमी करावी. आणि एकही खोली अशी बसत नसेल, तर त्या गाळ्यात हा खेळ करू नये.

आतल्या दारांना चुंबकी कुलुपे लावली जातात, ती वीज जाताच सुटणारी असावीत. वीज गेल्यावर बंदच राहणारी कुलुपे माणूस जाण्याच्या दाराला कधीही लावू नयेत, ती फक्त खणांसाठी. आता अडचण अशी, की मॉलची वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत सगळी चुंबके सुटतात आणि कोडी न सोडवताच आतली दारे उघडी पडतात. म्हणून लोक यूपीएस जोडतात, आणि मग आगीच्या वेळी मुख्य वीज तोडली तरी दार बंदच राहते. उपाय आहे: चुंबकांना वीज यूपीएसवरून द्यावी, परंतु यूपीएसच्या पुढे, त्याच तारेत, दारापाशी मोठे हिरवे बटण, नियंत्रण कक्षात तोडण्याचा स्विच आणि मॉलच्या फायर अलार्म पॅनेलचा रिले, असे तिन्ही एकामागोमाग असावेत. यांपैकी कशानेही प्रवाह प्रत्यक्ष तुटला पाहिजे. बटण दाबल्यावर संगणकाला निरोप जातो आणि मग संगणक दार उघडतो, ही रचना मला मान्य नाही. खेळणाऱ्यांच्या हाताशी बारा व्होल्टपेक्षा जास्त काही नको, आणि खोलीच्या वीजपुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. भिंतीवर खरे सॉकेट असलेच तर ते झाकावे. लोक कोड्याच्या नादात त्यात हेअरपिन घालतात.

छताचा मुद्दा पुष्कळदा निसटतो. गाळ्यात मॉलचे स्प्रिंकलर आणि धूरशोधक आधीपासून असतात. त्यांच्याखाली तुम्ही खोली बांधून वर फॉल्स सीलिंग टाकले की आतली आग त्यांना दिसतच नाही. प्रत्येक बंदिस्त भागात ते खाली उतरवून घ्यावे लागतात आणि हे काम मॉलच्या ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे लागते. याचा खर्च आरंभीच्या अंदाजपत्रकात क्वचितच असतो. फॉग मशीनची हौस असेल तर ती सोडून द्यावी, कारण तिच्या धुक्याने अलार्म वाजतो आणि पुढे कोणीतरी धूरशोधकावर पिशवी बांधतो. पार्टिशनला जिप्सम बोर्ड किंवा आयएस ५५०९ चे अग्निरोधक प्लाय वापरावे. फोम, थर्माकोल, गोणपाट, सुकी गवती छपरे भिंतीवर नकोत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘बी’ फॉर्मचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. मॉलचे प्रमाणपत्र आहे म्हणून गप्प बसू नये. तुम्ही गाळ्याची आतली रचना बदलली आहे. आराखडा कागदावर असतानाच अग्निशमन विभागाला आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला दाखवावा, सुतार बोलावल्यानंतर नव्हे.

जागेच्या मांडणीत तुमची खास अडचण बोलिंगची आहे. पिना पडण्याचा आवाज साध्या पार्टिशनमधून आरपार येतो, त्यामुळे आवाजावर आधारलेले कोडे त्या बाजूच्या खोलीत चालणार नाही. सामायिक भिंतीला नियंत्रण कक्ष आणि कोठार लावावे, खोल्या पलीकडे न्याव्यात. खोल्यांमागे अडीच फुटांचा सेवामार्ग ठेवला तर कुलूप, स्विच आणि तारा मागून दुरुस्त करता येतात, खेळ चालू असतानासुद्धा. अठराशे चौरस फुटांत तिसरी खोली कोंबण्याचा मोह या सेवामार्गाच्या जागेवरच येतो. दारे चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंद असावीत, आणि रांगत जाण्याचा बोगदा हवाच असेल तर त्याला बाजूने चालत जाण्याची वाट हवी. सहा माणसे बंद खोलीत एक तास धडपड करतात तेव्हा केवळ थंड हवा पुरत नाही, ताजी हवा लागते. एसीवाल्याला हे वेगळे सांगावे लागते.

पावसाळ्याचा बंदोबस्त आराखड्यातच करावा. जूनमध्ये एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकूडभुशाच्या फळ्यांच्या, कडा फुगतात, दारे घासू लागतात आणि चुंबकी कुलपाची पट्टी तिरकी बसते. २८० किलो धरून ठेवणारे म्हणून विकलेले चुंबक पट्टी नीट टेकली तरच तेवढे धरते. मध्ये दीड मिलिमीटरची फट पडली की एखादा धष्टपुष्ट मुलगा दार हिसडून उघडतो. चौकट लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची, पट्टी थोडी हलती, आणि हाताळले जाणारे सगळे प्लाय आयएस ७१० चे, म्हणजे पाणी सोसणारे, घ्यावे. कागद लॅमिनेट केलेला बरा दिसत नाही. त्याऐवजी सिंथेटिक कागदावर छापावे, तो दमट होत नाही आणि फाटतही नाही.

तयार संच की स्थानिक काम, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर आतापर्यंत बहुधा लक्षात आले असेल. बाहेरून येणारे तयार प्रॉप दिसायला उत्तम असतात, पण सर्किटची आकृती सोबत येत नाही आणि एक बोर्ड जळाला की नवा येईपर्यंत खोली बंद राहते. एखाद-दुसरी डोळ्यांत भरणारी वस्तू तशी घ्यायला हरकत नाही, तिच्यावाचून खेळ पुढे जाऊ शकेल अशी सोय ठेवून. बाकी सुटे भाग पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. जुने पंखे, पितळी कड्या, ट्रंका, काळे स्विच यांसाठी पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. दुपारपर्यंत चांगला माल उचललेला असतो, तेव्हा लवकर जावे.

रचनाकाराशी करार करताना मोघमपणा ठेवू नये. तारांची आकृती, प्रोग्रॅमच्या फाइली व पासवर्ड, प्रत्येक कोड्याचे उत्तर व दुरुस्ती सांगणारी वही, सुट्या भागांचा एक पूर्ण जोड आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हे सर्व लेखी असावे. तीच खोली तो शेजारच्या शहरात कोणाला आणि किती काळाने विकू शकतो, हेही लिहून घ्यावे. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा सुतारकाम, वीज, एसी आणि अग्निसुरक्षा यांत जातो. लोकांना वाटते तेवढा इलेक्ट्रॉनिक्समध्ये जात नाही. एकूण रकमेचा दहावा हिस्सा चाचणीनंतरच्या बदलांसाठी बाजूला काढावा आणि रचनाकाराचा शेवटचा हप्ता चाचण्या संपल्यावरच द्यावा.

चाचणीला तुमचे नातेवाईक किंवा कर्मचारी उपयोगाचे नाहीत, ते तुम्हाला दुखावत नाहीत. फूड कोर्टमधून अनोळखी गट आणावेत: एक कॉलेजच्या मुलांचा, एक आजी-आजोबांसह आलेल्या कुटुंबाचा, एक दहा-बारा वर्षांच्या मुलांचा. कॅमेऱ्यावर पाहताना प्रत्येक कोड्याला लागलेला वेळ आणि ज्या क्षणी कोणी रिकामे उभे आहे तो क्षण लिहून ठेवावा. मदत मात्र करू नये, हात शिवशिवले तरी. एका ठिकाणी तीन वेगवेगळ्या गटांना हिंट लागली तर दोष कोड्याचा धरावा. शेवटची चाचणी एकाच दिवशी सलग सात तुकड्यांची घ्यावी, रीसेट तुमच्या रोजच्या मुलाकडूनच करवून घ्यावा, आणि मध्येच एकदा, कोणालाही न सांगता, मुख्य स्विच बंद करून सगळे बाहेर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे.